वरच्या कानाचे टोचलेले भोक अजून ओलसर आहे

प्रश्न (लातूर): पाच आठवड्यांपूर्वी बुगडीसाठी कानाची वरची कड टोचून घेतली. सकाळी तारेभोवती पिवळसर खपली धरलेली असते आणि त्या कुशीवर झोपले की ठणका लागतो. सासूबाई हळद-तेल सुचवतात, तर मैत्रीण स्पिरिटचा आग्रह धरते. कोणाचे ऐकावे?

उत्तर (परभणी): ताई, कानाच्या पाळीचे भोक साधारण ६ ते ८ आठवड्यांत भरते, वरच्या कडेत मात्र कूर्चा (लवचिक मऊ हाड) असते आणि तिला थेट रक्तपुरवठा नसल्यामुळे ६ ते १२ महिनेही लागतात, त्यामुळे ठणका वाढत नसेल तर अशी खपली वावगी नाही. स्पिरिट नव्या कातडीलाच जाळते आणि तेलावर धूळ बसते (सासूबाईंना हे जरा जपून सांगा). ०.९ टक्के निर्जंतुक सलाइनने दिवसातून दोनदा खपली भिजवावी, मऊ झाल्यावर गॉजने टिपावी आणि तार अजिबात फिरवू नये.

उत्तर (नांदेड): कड लाल, गरम होऊन सुजली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, तार स्वतः काढू नये, कारण भोक मिटून पू आत कोंडतो.

उत्तर (बीड): विषय थोडा वेगळा आहे, पण माझ्या भाच्याने पाळीचे भोक मोठे करण्याच्या घाईत एकदम जाड कडी घातली आणि पाळी चिरली. एका वेळी १ मिलिमीटरहून कमी वाढवावे आणि मध्ये किमान दोन महिने जाऊ द्यावेत.