मदत हवी आहे: वोकिंगजवळ (इंग्लंड) आई-बाबांना झेपतील अशा सोप्या वाटा (हीथ म्हणजे झुडपी माळरान, जंगल, नदीकाठ)

वोकिंगकर:
मंडळी, आई-बाबा (वय ६५ आणि ७१) साताऱ्याहून ऑगस्टच्या मध्यापासून सहा आठवडे येताहेत. माझ्याकडे गाडी नाही, सगळं ट्रेननेच. बाबा चांगले चालतात. आईचा उजवा गुडघा दुखरा आहे. सपाटीवर पाचेक किलोमीटर जमतं, पण उंच पायरी आणि खडा उतार नको. बाबांना फुललेलं हेदर (हीथवरचं जांभळ्या फुलांचं बुटकं झुडूप) बघायचंय, आईला पाणी आणि झाडं. कुठे न्यावं, नकाशा कुठला घ्यावा आणि काय टाळावं? बॉक्स हिल या टेकडीचं नाव सगळेच सुचवतात, ते चालेल का?

पायपीट:
बॉक्स हिल नको. पायथ्याशी मोल नदी ओलांडायला पात्रात दगड मांडले आहेत, त्यांवरून पलीकडे गेलं की माथ्यावर जायला पावणेतीनशे पायऱ्या आहेत. चढताना नाही, उतरताना गुडघा बोलतो. पाऊस झाला की दगडही पाण्याखाली जातात, मग बाजूच्या पुलावरून जावं लागतं.

नदीसाठी गिल्डफर्डला जा, वे नदीचा टोपाथ धरा. होड्या ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली वाट, म्हणून सपाट. गिल्डफर्ड ते थेम्स हा जलमार्ग १६५३ सालचा, गोडल्मिंगपर्यंतचा वरचा भाग १७६४ चा. स्टेशनातून बाहेर पडून नदीकाठाने मिलमीड लॉक (होड्या वर-खाली नेणारं दारांचं कुंड) गाठायचं आणि तिथून प्रवाहाच्या उलट दिशेने चालत राहायचं. रस्ता चुकायला वावच नाही. सेंट कॅथरिन्सच्या टेकडीखाली पिवळ्या वाळूचा काठ आणि पादचारी पूल लागतो, आईंना बसवायला ती जागा उत्तम. पुढे सेंट कॅथरिन्स लॉकपर्यंत जाऊन परत फिरलात तर एकूण पाच-साडेपाच किलोमीटर होतील.

बाबांना पूर्ण करायचं असेल तर गोडल्मिंगपर्यंत ७ किमी. वाटेत शालफर्डला ब्रॉडफर्ड पुलापाशी रहदारीचा रस्ता ओलांडावा लागतो, तेवढं सांभाळा. मग अनस्टेड लॉक, त्यानंतर कॅटेशॉल लॉक. इथे दमलात तर फार्नकोम्ब स्टेशन जवळ आहे, गोडल्मिंगपर्यंत ओढत न्यायची गरज नाही. फार्नकोम्ब आणि गोडल्मिंग दोन्हीकडून गाडी थेट गिल्डफर्ड, वोकिंगला येते.

स्वच्छतागृहाचं काम गिल्डफर्डलाच उरकून निघा. मधल्या टप्प्यात कशावरही भरवसा ठेवू नका.

कंपास:
नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर, केशरी पाठीचा, १:२५,००० वाला. म्हणजे ४ सेंटीमीटरला १ किलोमीटर, आणि निळ्या रेषांचा प्रत्येक चौकोन १ किलोमीटरचा. गिल्डफर्ड-फार्नहॅमसाठी १४५ नंबर. त्यांचाच गुलाबी पाठीचा लँडरेंजर घेऊ नका. त्यात शेताची कुंपणं दिसत नाहीत, आणि तुम्हाला नेमकी तीच बघायची आहेत.

कारण असं की आईंच्या बाबतीत किलोमीटर मोजून उपयोग नाही, स्टाइल मोजा. स्टाइल म्हणजे कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या. एकेक पायरी गुडघ्याइतकी उंच, धरायला एखादा खांब, आणि पलीकडे बहुतेक चिखल. नकाशावर स्टाइल दाखवलेली नसते, पण अंदाज बांधता येतो. हिरवी तुटक रेषा बघा. आखूड तुकडे असले तर फूटपाथ, लांब तुकडे असले तर ब्राइडलवे. ब्राइडलवेवर घोड्यांना हक्क असतो, त्यामुळे तिथे फाटक असतं, स्टाइल नाही. फूटपाथ जिथे जिथे शेताची बारीक काळी रेषा ओलांडतो, तिथे स्टाइल असू शकते असं धरून चाला. एका फेरीत अशा आठ-दहा जागा दिसल्या तर ती फेरी सोडून द्या, मग ती तीन किलोमीटरची का असेना.

प्रत्यक्ष वाटेवर खांबावरचे बाण असतात: पिवळा फूटपाथचा, निळा ब्राइडलवेचा. निळ्यावर सायकली आणि घोडेही येतात. घोडा आला की एका बाजूला सगळे उभे राहा. दोघे इकडे, एक तिकडे असं केलंत तर तो बिचकतो. आणि काळी तुटक रेषा म्हणजे वाट आहे एवढंच. जायचा हक्क आहे असं नाही.

निवडुंग:
वोकिंगात राहून हेदर शोधताय? हॉर्सेल कॉमन हे मोकळं सार्वजनिक रान वोकिंग स्टेशनपासून दोनेक किलोमीटरवर आहे. उत्तरेकडच्या दाराने बाहेर पडा, बेझिंगस्टोक कॅनॉल ओलांडा आणि चॉबम रोडने जा. बर्च, पाइन आणि मध्ये मध्ये हेदर. वाळूच्या मोठ्या खड्ड्याच्या कडेवरून बघा, आत उतरू नका, काठ घसरतो. कॉमनच्या एका टोकाला पीस गार्डन आहे: पहिल्या महायुद्धात इकडे वारलेल्या भारतीय मुस्लिम सैनिकांचं दफनस्थान. कबरी पुढे ब्रुकवुडच्या दफनभूमीत हलवल्या, जागा स्मारक म्हणून राखली आहे. बाबांना दाखवाच.

मात्र कासचं पठार डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नका. तिथे खडकावरच्या पातळ मातीत शेकडो जातींची फुलं. इथे नापीक, आम्ल वाळूवर एकाच झुडपाचं राज्य. बेल हेदर जुलैपासून गडद जांभळं होतं, लिंग नावाचं फिकं हेदर ऑगस्टमध्ये. सप्टेंबर उजाडला की रंग तपकिरीकडे झुकतो, तेव्हा हेदर आधी उरका, नदी नंतर. कापलेली झाडं दिसली तर हळहळू नका. बर्च आणि पाइन काढले नाहीत तर काही वर्षांत हीथचं जंगल होतं.

मोकळ्या वाळूत पाय रुततो, चाल निम्म्यावर येते. जाळीचे बूट नकोत, वाळू आत शिरते.

वोकिंगकर:
खूप आभार! क्षितिजापर्यंत जांभळं असं काही ट्रेनने दिसेल का? थर्झलीच्या हीथबद्दल वाचलं होतं. आणि गोचिडांची भीती घालताहेत लोक, ती कितपत खरी?

पायपीट:
थर्झली सुंदर आहे, दलदलीवरून लाकडी फळ्यांची वाट आहे. पण स्टेशन लांब, टॅक्सी करावी लागेल. ट्रेनने जायचं तर न्यू फॉरेस्ट या राष्ट्रीय उद्यानातलं ब्यूली रोड स्टेशन. इंग्रजी स्पेलिंग वाचून ‘ब्यूलियू’ विचारलंत तर कोणाला कळणार नाही. स्टेशन अक्षरशः हीथच्या मधोमध आहे. गाड्या मोजक्याच थांबतात, म्हणून आधी परतीची गाडी बघा, मग जायची. शॅटरफर्ड कार पार्ककडून निघणाऱ्या रुळलेल्या वाटेने तीस-चाळीस मिनिटं जायचं आणि त्याच वाटेने परत. गोल फेरीच्या नादी लागू नका. पोपटी हिरवं शेवाळ किंवा पांढरे कापसासारखे झुबके दिसले की खाली पाणी आहे, तिथे पाय नको. तिथे मोकळ्या फिरणाऱ्या घोड्यांना खायला घालू नका, जवळ जाऊन फोटो तर नाहीच.

तिघं एकत्र असाल तर तिकीट काढताना ग्रुपसेव्ह निवडा: ३ ते ९ मोठ्या माणसांना गर्दीच्या वेळा सोडून तृतीयांश सवलत, कार्डाची गरज नाही. ऑगस्टचा शेवटचा सोमवार बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी. त्या शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात, घरून निघण्यापूर्वी तपासा.

कंपास:
गोचीड खरी आहे, घाबरण्यासारखं नाही. ती हेदर, गवत आणि ब्रॅकन नेच्यावर बसलेली असते आणि घासून गेलं की चिकटते. म्हणून वाटेच्या मधून चाला, फिकट रंगाची लांब पँट, पायमोज्यात खोचलेली. आईंनी साडीऐवजी सलवार आणि मोजे घातलेले बरे. घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कमरपट्ट्याखाली तपासा.

चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर, सावकाश ओढा. तेल, चुना, काडीचा चटका यातलं काही नको; ती चिडून जखमेत ओकते. जागा धुवा, तारीख लिहून ठेवा. पुढच्या महिन्याभरात तिथे पसरत जाणारा लालसर डाग उठला तर इकडे १११ या वैद्यकीय हेल्पलाइनला फोन. डाग साताऱ्याला परतल्यावर उठला तर डॉक्टरांना ‘इंग्लंडमध्ये गोचीड चावली होती’ हे आपणहून सांगा. गोचिडीमुळे होणारा हा लाइम आजार आपल्याकडे सहसा दिसत नाही, त्यामुळे त्यांना तो पटकन सुचणार नाही.

निवडुंग:
साप विचारला नाहीत, तरी सांगतो. हीथवर ॲडर नावाचा साप असतो, पाठीवर नागमोडी काळा पट्टा. विषारी आहे, पण पावलांची चाहूल लागली की निघून जातो. बसण्याआधी जागा बघा आणि बिडी-काडी, स्टोव्ह काही पेटवू नका. मे २०२० मध्ये थर्झलीचा मोठा भाग जळाला होता.

वोकिंगकर:
ठरलं: पहिल्या आठवड्यात हॉर्सेल, दुसऱ्यात ब्यूली रोड, सप्टेंबरमध्ये वे नदी. १४५ चा नकाशा मागवला. आईसाठी काठी एक घ्यावी की दोन?

कंपास:
दोन. एकच असेल तर दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात, म्हणजे डाव्या.