नाणी पाकिटातून काढण्याआधी

नाणी जमवणाऱ्यांना कुणी कुणी सुचवतं की टांकसाळीचा वार्षिक संच (त्या सालची नाणी सीलबंद पाकिटात) फोडून नाणी अल्बममध्ये लावावीत, म्हणजे दोन्ही बाजू नीट दिसतात. दिसतात खऱ्या, पण मी हेच करून हात पोळून घेतलेत. नव्वदच्या दशकातला एक अनसर्क्युलेटेड (चलनात न फिरलेल्या नाण्यांचा) संच हौसेने फोडला आणि फुटपाथवर मिळणाऱ्या मऊ, वास मारणाऱ्या प्लास्टिकच्या पानांत लावला. दोन पावसाळ्यांनंतर अकरा कोनी दोन रुपयांच्या नाण्यावर हिरवट, चिकट थर. शेजारचं स्टीलचं एक रुपयाचं नाणं मात्र जसंच्या तसं! तो मऊपणा पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकचा. त्यातून सुटणारी द्रव्यं तांब्याला धरतात, आणि तो दोन रुपया तांबं-निकेलचा. म्हणजे जुन्या संचांना धोका जास्त.

शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून (नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात तेल-सुगंध काय काय असतं) थर निघाला, पुसलं अजिबात नाही. पण खालची टांकसाळी झळाळी जी गेली ती गेलीच.

अल्बमच हवा असेल तर पानं मायलरची (पीव्हीसी नसलेल्या पॉलिएस्टर फिल्मची) घ्या, नाणं कडेने धरा. आणि मुंबई टांकसाळीचा संच फोडणारच असाल तर आधी नाण्यावर सालाखाली असलेली टांकसाळीची खूण, म्हणजे पत्त्यांतल्या चौकटसारखा छाप, बघून पाकिटावर लिहून ठेवा. हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला काहीच नाही. माझ्याकडे आता चार सुटी पाकिटं आहेत आणि कुठलं नाणं कुठल्यातलं, देव जाणे.