प्रतिसाद: शहरात ऊन, तरी पंचगंगा का चढते?

ताई, तुमच्या मुलाने विचारलंय, "कोल्हापुरात दिवसभर उघडीप, मग राजाराम बंधाऱ्यावर पाणी का वाढतंय?" वर कुणीतरी 'धरणातून सोडतात म्हणून' एवढंच लिहिलंय. ते अर्धंच उत्तर आहे. या निमित्ताने त्याला नदीखोरं नीट कळेल.

नकाशा घेऊन बसा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांवर बोट फिरवत प्रयाग चिखलीच्या संगमापर्यंत या. या नद्यांना पाणी देणारा सगळा उतार म्हणजे पंचगंगेचं खोरं. नदी शहरातल्या पावसावर चढत नाही, या उतारावरच्या पावसावर चढते. पश्चिमेला घाटमाथ्यावर गगनबावड्याकडे धो धो कोसळत असतो, पूर्वेला शिरोळकडे मात्र ढग पोचेपर्यंत रिते झालेले असतात. पर्जन्यछायेचं, म्हणजे डोंगराआडच्या कमी पावसाच्या पट्ट्याचं, उदाहरण शोधायला जिल्ह्याबाहेर जायची गरजच नाही! वरचं पाणी ओढ्या-नाल्यांतून खाली यायला वेळ लागतो, म्हणून इथे ऊन पडलं तरी पातळी 39 फुटांच्या इशाऱ्याकडे, कधी 43 फुटांच्या धोक्याकडे सरकत राहते. त्यात पुढे नरसोबाच्या वाडीला कृष्णाच फुगलेली असली, की पंचगंगेचं पाणी तुंबतं.

जलविभाजकही, म्हणजे पावसाचं पाणी दोन बाजूंना वाटणारी डोंगररेषाही, दाखवाच. गगनबावड्याजवळ सह्याद्रीच्या कड्यापलीकडे पडलेला थेंब कोकणातून अरबी समुद्राला जातो, अलीकडचा कृष्णेबरोबर थेट बंगालच्या उपसागराला. करूळ घाटाच्या माथ्यावर उभं करून हे सांगितलंत, तर पोरगं व्याख्या पाठ करत बसणार नाही.