आधी टोन तपासा, मग अँटेना, वॅट शेवटी

हॅम रेडिओवर रिपीटर (आपला सिग्नल घेऊन पुन्हा प्रसारित करणारं केंद्र) स्वच्छ ऐकू येतो पण नेट कंट्रोलला (ठरल्या वेळची रेडिओसभा चालवणाऱ्याला) आपली हाक पोचत नाही, म्हणून ५० वॅटचा सेट घ्यावा, हे मत पटलं नाही. रिपीटरची अँटेना उंचावर आणि पॉवर हँडीच्या (हातात धरायच्या सेटच्या) ५ वॅटपेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे तो ऐकू येणं हा आपण तिथं पोचत असल्याचा पुरावा नाही. कॉलसाइन (परवान्यावरची आपली ओळख) सांगून पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) सोडा. रिपीटरची शेपटी (आपण थांबल्यावर क्षणभर चालू राहणारा त्याचा सिग्नल) अजिबात ऐकू आली नाही, तर आधी ऑफसेट (रिपीटरच्या ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक; दोन मीटर बँडवर सहसा ६०० किलोहर्ट्झ, अधिक की उणे तेही बघा) आणि सीटीसीएसएस टोन (रिपीटर उघडण्यासाठी आवाजासोबत जाणारा ठरावीक सूर) तपासा. टोन चुकला तर कितीही वॅट लावा, रिपीटर उघडणार नाही.

शेपटी येते पण आवाज खरखरतो, तर दोष बहुतेक अँटेनाचा. कोथरूड-वारज्याच्या काँक्रीटच्या फ्लॅटमध्ये, मध्ये एखादी टेकडी आडवी असताना, रबरी अँटेना फार तोकडी पडते. गच्चीवर साधी ग्राउंड प्लेन अँटेना उभारा: मधला उभा दांडा सुमारे ४९ सेंमी, खाली ४५ अंशात झुकलेले थोडे लांब चार रेडियल (तळाचे दांडे). केबलवर मात्र काटकसर नको. २० मीटर आरजी-५८ या बारीक केबलमध्येच सिग्नलचे जवळपास ४ डीबी (डेसिबेल) जातात, म्हणजे ५ वॅटचे जेमतेम दोन उरतात, म्हणून जाड आरजी-२१३ घ्या.

आणि चेक-इनला (नेटवर हजेरी देताना) पीटीटी दाबून सेकंदभर थांबून मगच बोला. टोन ओळखायला रिपीटरला क्षणभर लागतो, तेवढ्यात भारतीय कॉलसाइनच्या सुरुवातीचा ‘व्हिक्टर युनिफॉर्म’ (व्हीयू) कापला जातो.