कंपनीने भरलेला मेडिक्लेमचा हप्ता करपात्र असतो का? आणि आई-वडिलांसाठी पगारातून कापलेल्या रकमेचं काय?

नवा_पगारदार
नमस्कार मंडळी. प्रश्न आर्थिक वर्ष २०२५-२६ चा आहे. सीटीसीच्या (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) पत्रकात ‘गट आरोग्य विमा १८,०००’ अशी ओळ आहे. हा हप्ता कंपनी भरते, त्यात मी, बायको आणि मुलगा. आई-वडिलांनाही त्याच पॉलिसीत घेतलंय. त्यांचे ३२,००० (जीएसटी धरून) चार महिने ८,००० प्रमाणे पगारातून कापले गेले. वडील ६७ वर्षांचे, पेन्शनर. आई ६३ वर्षांची. शिवाय माझी स्वतःची वेगळी पॉलिसी आहे, तिचा हप्ता २१,०००.
ते १८,००० माझ्या पगारात मिळवायचे का? ८०डी मध्ये (आरोग्य विम्याच्या हप्त्याची वजावट देणारं कलम) नेमकं काय टाकता येईल? नवी करप्रणाली घेतली तर यातलं काय उरतं?

पेरोल_डेस्क
१८,००० मिळवायचे नाहीत. प्राप्तिकर कायदा १९६१ च्या कलम १७(२) मध्ये ‘पर्क्विझिट’ची (पगाराशिवाय कंपनीकडून मिळणाऱ्या सुविधांची) व्याख्या आहे आणि मंजूर योजनेखाली कंपनीने भरलेला आरोग्य विम्याचा हप्ता त्या व्याख्येतूनच वगळलेला आहे. म्हणून तो सीटीसीत दिसतो, पण सॅलरी स्लिपच्या ग्रॉसमध्ये आणि फॉर्म १६ च्या (पगार आणि कापलेला कर यांचं कंपनीने दिलेलं प्रमाणपत्र) करपात्र पगारात दिसत नाही. सीटीसी आणि फॉर्म १६ जुळत नाहीत म्हणून पुष्कळ जण घाबरतात. ते जुळायला नकोच आहेत.
फॉर्म १६ सोबत फॉर्म १२बीए मिळाला असेल तर तो एकदा नीट बघा. पर्क्विझिटचा तपशील त्यात असतो. तिथे हे १८,००० करपात्र म्हणून आले असतील तर पेरोलमध्ये हप्त्याचं ‘हेड’ चुकीचं पडलंय. रिटर्न भरण्याआधी फॉर्म दुरुस्त करून घ्या.
ओळीचं नावही तपासा. ‘मेडिकल अलाउन्स’ असं लिहून दरमहा १,५०० खात्यात येत असतील तर तो विमा नव्हे, तो रोख भत्ता, आणि तो पूर्ण करपात्र. बिलं देऊन वर्षाला १५,००० करमुक्त मिळायचे ती सोय २०१८ च्या अर्थसंकल्पात गेली. तिच्या आणि प्रवास भत्त्याच्या जागी प्रमाणित वजावट आली. तरी काही ठिकाणी अजून औषधाची बिलं मागतात आणि लोक ती सांभाळून ठेवतात.

कलम_आणि_कागद
वरचं बरोबर आहे. ८०डी चं मी सांगतो, जुनी प्रणाली धरून.
कंपनीने भरलेले १८,००० तिथे टाकायचे नाहीत. ते तुमच्या खिशातून गेलेले नाहीत. तुमचे २१,००० स्वतः आणि कुटुंबाच्या २५,००० च्या मर्यादेत बसतात. आई-वडिलांचे ३२,००० वेगळ्या मर्यादेत जातात आणि दोघंही साठीच्या पुढे असल्याने ती ५०,००० ची आहे. पगारातून कापले म्हणजे तुम्हीच भरले, आणि रोखीने नाही, म्हणून अट पूर्ण होते. जीएसटीसह पूर्ण ३२,००० धरा. एकूण ५३,०००.
कुटुंबाच्या मर्यादेत ४,००० आणि आई-वडिलांच्या मर्यादेत १८,००० जागा उरते. तिथे प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीचे सगळ्यांचे मिळून ५,००० पर्यंत टाकता येतात. हा एकच खर्च रोखीने केलेला चालतो. कंपनीने फुकट करून दिलेली वार्षिक तपासणी मात्र त्यात धरू नका.
उरलेल्या जागेत वडिलांच्या मधुमेहाच्या गोळ्यांची बिलं टाकायचा मोह होतो. ते चालणार नाही. ज्येष्ठांच्या औषधोपचाराच्या खर्चाची वजावट ज्या व्यक्तीचा आरोग्य विमाच नाही तिच्यासाठी आहे. तुमचे आई-वडील दोघंही पॉलिसीत आहेत. फक्त आईच पॉलिसीत असती, तर वडिलांची बिलं त्याच ५०,००० च्या आत घेता आली असती.

नवा_पगारदार
खूप मदत झाली. नव्या प्रणालीत ८०डी नाही, म्हणजे ५३,००० वर पाणी सोडायचं? आणि १८,००० मग करपात्र होतात का?

कलम_आणि_कागद
१८,००० नव्या प्रणालीतही करमुक्तच राहतात. ८०डी ही मिळकतीतून मिळणारी वजावट, ती नव्या प्रणालीत बंद. कंपनीचा हप्ता मात्र मुळात मिळकतीत येतच नाही, म्हणून त्याला वजावटीची गरज नाही. सगळं इथेच ठरतं: हप्ता कोण भरतो.
त्यामुळे नव्या प्रणालीतल्यांनी पुढच्या वर्षाची सीटीसी ठरताना एक गोष्ट विचारावी: आई-वडिलांचा हप्ता माझ्या पगारातून कापण्याऐवजी सीटीसीत कंपनीचा खर्च म्हणून दाखवता येईल का? ३२,००० चा पगार कमी, तेवढा हप्ता कंपनीच्या नावे. २० टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून २०.८ टक्क्यांनी ६,६५६ रुपये वाचतात.
दोन अडचणी आहेत. एक, हा बदल आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी आणि लेखी व्हायला हवा. पगार देय झाल्यावर ‘यातून हप्ता भरा’ म्हटलं तर तो तुमचाच पगार, तुम्ही खर्च केलेला. दुसरी अडचण तुमच्या घरातली आहे. कलम १७ मध्ये ‘कुटुंब’ म्हणजे जोडीदार आणि मुलं. आई-वडील आणि भावंडं मुख्यतः तुमच्यावर अवलंबून असतील तरच. तुमचे वडील पेन्शनर आहेत. पेन्शन चांगली असेल तर त्यांच्या हप्त्यावर वादाला जागा राहते. ८०डी मध्ये आई-वडील अवलंबून असण्याची अटच नाही. म्हणून वडिलांसाठी हा मार्ग मी सुचवणार नाही. आईसाठी विचारून बघा.

हिशोब_पक्का
प्रणाली निवडताना निव्वळ ८०डी साठी जुनीकडे जाऊ नका. २०२५-२६ ला नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून १२.७५ लाख. तुम्ही त्याच्या आत असाल तर ५३,००० चा विचारच सोडा. वर असाल तर घरभाडे, गृहकर्जाचं व्याज, ८०सी (पीएफ, आयुर्विमा वगैरेंची वजावट) सगळं एकत्र मांडून दोन्ही आकडे काढा. कंपनीने टीडीएस (पगारातून आधीच कापला जाणारा कर) नव्या प्रणालीने कापला असला तरी व्यवसायाचं उत्पन्न नसलेला पगारदार मुदतीत रिटर्न भरताना जुनी निवडू शकतो. मुदत चुकली की तो पर्याय गेला.

सुनबाई_विचारते
आमच्या कंपनीत आई-वडील किंवा सासू-सासरे यातली एक जोडी निवडता येते. मी सासू-सासरे घेतले, हप्ता माझ्या पगारातून कापतात. ८०डी मिळेल ना?

कलम_आणि_कागद
नाही, ताई. ८०डी मध्ये ‘पालक’ म्हणजे करदात्याचे स्वतःचे आई-वडील. सासू-सासऱ्यांचा हप्ता तुमच्या पगारातून गेला तर ती वजावट ना तुम्हाला मिळत ना तुमच्या यजमानांना, कारण त्यांनी तो भरलेला नाही. त्यांच्या कंपनीत अशी सोय असेल तर पुढच्या नूतनीकरणाला सासू-सासऱ्यांना तिकडे घ्या आणि तुमच्याकडे तुमचे आई-वडील घ्या. मात्र जुन्या पॉलिसीतून बाहेर काढण्याआधी नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का ते लेखी घ्या. कर वाचवताना वयस्कर माणसाचं संरक्षण तुटता कामा नये.

पेरोल_डेस्क
रिटर्न भरताना होणाऱ्या चुका सांगते. रिटर्नमध्ये आता ८०डी साठी विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक विचारतात. गटविम्यात तुमच्या नावाची वेगळी पॉलिसी नसते, म्हणून एचआरकडून मास्टर पॉलिसीचा क्रमांक आणि ‘कर्मचाऱ्याकडून वसूल केलेला हप्ता’ असं लिहिलेलं प्रमाणपत्र मागा. टीपीएच्या (विमा कंपनीसाठी दावे हाताळणारी संस्था) ई-कार्डावरचा ५,००,००० हा आकडा विम्याच्या रकमेचा असतो, हप्त्याचा नव्हे. काही जण तोच बघून ५०,००० ठोकून देतात.
वर्षाच्या मध्ये नोकरी सोडली आणि फुल अँड फायनलमध्ये (नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशोबात) हप्त्याचा काही भाग परत आला, तर तेवढा वजा करून उरलेलाच ८०डी मध्ये टाका.
आणि १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत. २०२५-२६ च्या मिळकतीला वर दिलेले जुनेच क्रमांक लागतात, पण पुढच्या वर्षीच्या गुंतवणूक घोषणेत ८०डी दिसलं नाही म्हणून रकाना रिकामा सोडू नका.