खेळांच्या वाढत्या चित्रीकरणाचा संग्रह परवडेल अशा खर्चात क्लाउडवर कसा ठेवावा?

अंत्रुजकर

नमस्कार. फोंडा तालुक्यातील एका क्रीडा मंडळाच्या चित्रफिती आणि छायाचित्रे सांभाळण्याची जबाबदारी यंदा माझ्याकडे आली आहे. फुटबॉल, कबड्डी आणि व्हॉलीबॉल या खेळांच्या स्थानिक स्पर्धांचे चित्रीकरण मंडळ बरीच वर्षे करत आले आहे. सुमारे 14 टीबी इतका साठा वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर विखुरलेला आहे आणि एका कपाटात व्हीएचएस व मिनीडीव्ही कॅसेटही आहेत. 2023 साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, तेव्हापासून आमच्याकडील तरुणांचा चित्रीकरणाचा उत्साह फारच वाढला असून आता एका सामन्याला तीन कॅमेरे लागतात. त्यामुळे दरवर्षी साधारण 4 टीबीची भर पडते.

तालुक्यातील एखादा खेळाडू राज्य संघात निवडला गेला की वार्ताहर आणि पालक त्याचे जुने सामने मागतात, आणि तेही त्याच संध्याकाळी. एरवी वर्ष-वर्ष कोणी काही मागत नाही. मंडळाचा खर्च वर्गणी आणि स्पर्धांचे प्रायोजक यांवर चालतो, त्यामुळे दरमहा मोठे बिल भरणे आम्हाला शक्य नाही. सर्व सामने यूट्यूबवर खासगी ठेवून डिस्क रिकाम्या कराव्यात, असे कार्यकारिणीतील काही जणांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, परंतु त्याला पर्याय काय, हेही नेमके सांगता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पर्वरीकर

अंत्रुजकर बाब, यूट्यूबबद्दलची आपली शंका रास्त आहे. तेथे चढवलेली प्रत्येक चित्रफीत पुन्हा आकुंचित केली जाते, आणि आपण ती परत उतरवून घेतो तेव्हा मूळ फाइल जशीच्या तशी हाती येईल याची खात्री नसते. दाखवण्यासाठी ते उत्तम माध्यम आहे, मात्र मूळ प्रत तेथे आहे असे मानून डिस्क पुसू नयेत.

क्लाउडच्या खर्चाचा विचार करताना बहुतेक जण केवळ साठवणुकीचा दर पाहतात. ॲमेझॉनच्या एस-थ्री या क्लाउड साठवणूक सेवेतील ‘ग्लेशियर डीप आर्काइव्ह’ या श्रेणीचा अमेरिकेतील व्हर्जिनिया विभागातला दर एका टीबीला महिन्याला जेमतेम 1 डॉलर आहे, तर मुंबई विभागात तो याहून जास्त आहे. व्हर्जिनियाचा दर धरला तर आपले 14 टीबी महिन्याला सुमारे 14 डॉलरमध्ये, म्हणजे वर्षाला साधारण 166 डॉलरमध्ये राहतील. वर 18 टक्के जीएसटी धरावा. आता तोच सगळा साठा एकदम खाली उतरवायचा झाला, तर इंटरनेटवर डेटा बाहेर नेण्याचे शुल्क एका टीबीला सुमारे 90 डॉलर पडते आणि बिल बाराशे डॉलरच्या पुढे जाते. सात वर्षांहून अधिक काळाच्या साठवणुकीइतका खर्च एका परतीत होतो. शिवाय या श्रेणीतील फाइल मागितल्याबरोबर मिळत नाही. नेहमीच्या मागणीला 12 तासांपर्यंत आणि सर्वांत स्वस्त मागणीला 48 तासांपर्यंत वाट पाहावी लागते. ‘त्याच संध्याकाळी’ ही आपली अट येथेच मोडते.

त्यामुळे प्रत्येक सामन्याच्या दोन प्रती कराव्यात, असे मी सुचवीन. कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल 50 एमबीपीएसची (सेकंदाला 50 मेगाबिट) असेल तर तासाला साडेबावीस जीबी होते. तीच 2 एमबीपीएसला आकुंचित केली तर तासाला एक जीबीही भरत नाही. ही छोटी प्रत एफएफएमपेग या मोफत साधनाने रात्रभरात आपोआप तयार करता येते. सगळे सामने साधारण याच दर्जाचे असतील तर 14 टीबींच्या छोट्या प्रती 600 जीबींच्या आतबाहेर बसतील. त्या नेहमीच्या, ताबडतोब उघडणाऱ्या श्रेणीत ठेवाव्यात आणि मूळ फाइली डीप आर्काइव्हमध्ये टाकाव्यात. वार्ताहराला किंवा पालकांना बहुतेक वेळा छोटी प्रतच पुरते. एखाद्याला मोठ्या पडद्यासाठी दर्जेदार दृश्य हवे असेल तर तेवढीच एक मूळ फाइल मागवावी आणि त्याला दुसऱ्या दिवसाचा वायदा द्यावा.

दोन गोष्टी आधीच जाणून घेतलेल्या बऱ्या. डीप आर्काइव्हमध्ये ठेवलेली फाइल 180 दिवसांच्या आत काढली तरी पूर्ण 180 दिवसांचे पैसे द्यावे लागतात, म्हणून कायमचे काय ठेवायचे याची निवड झाल्याशिवाय काहीही तेथे ढकलू नये. दुसरे म्हणजे या श्रेणीत प्रत्येक फाइलमागे सुमारे 40 केबीची नोंद वेगळी आकारली जाते आणि फाइल चढवण्याच्या प्रत्येक विनंतीचेही पैसे पडतात. हजारो छायाचित्रे सुटी टाकण्यापेक्षा एका स्पर्धेची छायाचित्रे एका झिप फाइलमध्ये बांधून ठेवणे सोयीचे पडते.

सीमारेषेपलीकडून

मी क्रीडा छायाचित्रकार आहे, त्यामुळे दरांपेक्षा निवडीवर बोलतो. तीन कॅमेऱ्यांचे सगळे चित्रीकरण कायमचे ठेवण्याची खरोखर गरज आहे का, हा प्रश्न आधी विचारावा. माझ्या मते मुख्य कॅमेऱ्याचा संपूर्ण सामना ठेवावा आणि उरलेल्या दोन कॅमेऱ्यांतून गोल, पेनल्टी, वादाचे प्रसंग, बक्षीस समारंभ आणि प्रेक्षकांची काही दृश्ये कापून घेऊन बाकीचे हंगाम संपल्यावर पुसावे. प्रेक्षकांची दृश्ये मुद्दाम म्हणतो, कारण पुढे तीच सर्वांत जास्त मागितली जातात. गावचे जुने मैदान, त्यामागची माडांची रांग आणि कठड्यावर बसलेली माणसे पुढे कोणालाही पुन्हा चित्रित करता येत नाहीत. एखादा साधा कॉर्नर मात्र कुठल्याही सामन्यात मिळतो.

निवडीइतकीच नोंद महत्त्वाची असते. छोटी प्रत कितीही लवकर उघडत असली तरी ती कुठे आहे हे सांगणारी यादी नसेल तर त्या वेगाचा उपयोग नाही. एक साधी स्प्रेडशीट करावी आणि तीत तारीख, स्पर्धा, मैदान, दोन्ही संघ, निकाल, ओळखता आलेले खेळाडू, चित्रीकरण करणाऱ्याचे नाव आणि मूळ फाइल कोणत्या श्रेणीत आहे, हे रकाने असावेत. गोव्यात एकाच गावाचे नाव मराठीत, कोकणीत आणि रोमन लिपीत वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिले जाते, म्हणून मैदानांची एक ठरलेली यादी करून त्यातूनच नाव निवडावे. नाहीतर म्हापशातील धुळेरच्या स्टेडियमवरील सामने तीन ठिकाणी विखुरतात. फाइलींची नावे मात्र रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता आणि वर्ष-महिना-दिवस या क्रमाने सुरू होणारी असावीत. छायाचित्रांच्या बाबतीत चित्राखालच्या ओळी आणि नावे आयपीटीसी या प्रमाणित नोंदपद्धतीने चित्राच्या फाइलमध्येच लिहून ठेवता येतात, म्हणजे चित्र कुठेही गेले तरी माहिती सोबत जाते.

शालेय मुलांचे सामने असतील तर छोट्या प्रतींचा दुवा सर्वांसाठी खुला ठेवू नये. मागणाऱ्याला ठरावीक मुदतीनंतर बंद होणारा दुवा देण्याची सोय बहुतेक सेवांमध्ये आहे.

अंत्रुजकर

दोघांचेही आभार. मुख्य कॅमेरा पूर्ण आणि इतरांचे तुकडे, ही कल्पना कार्यकारिणीला नक्की पटेल, कारण त्यामुळे वार्षिक भर निम्म्याच्या खाली येईल असे दिसते. दोन शंका उरल्या आहेत. सेवा सोडून जाणाऱ्या ग्राहकाला डेटा बाहेर नेण्याचे शुल्क आता लागत नाही, असे वाचनात आले. ते खरे असेल तर बाराशे डॉलरची भीती बाळगण्याचे कारण काय? आणि सर्व काही क्लाउडवर गेल्यावर या हार्ड डिस्क विकून टाकाव्यात का?

कुडचडेकर

पहिल्या शंकेचे उत्तर असे की, 2024 च्या सुरुवातीला गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही सेवा कायमची सोडणाऱ्या ग्राहकांसाठी हे शुल्क माफ करण्याची घोषणा केली. मात्र ही सवलत सोडून जाणाऱ्यासाठी आहे आणि ती आधी अर्ज करून मिळवावी लागते. आपली डिस्क बिघडली म्हणून मधल्या काळात सगळा साठा उतरवून घ्यायचा असेल, तर ती उपयोगी पडत नाही.

पर्वरीकरांच्या मांडणीशी मी पूर्णपणे सहमत नाही. डीप आर्काइव्ह स्वस्त आहे हे मान्य, परंतु लहान मंडळात दरवर्षी पदाधिकारी बदलतात. नव्या माणसाला श्रेणी, मागणीचे प्रकार, प्रतीक्षेचे तास आणि परतीचे शुल्क हे सगळे समजावून सांगावे लागते. एखाद्याने घाईत भलताच पर्याय निवडला तर बिल फुगते. त्यापेक्षा बॅकब्लेझ बी-टू किंवा वासाबी यांसारख्या सेवा सोप्या पडतात. तेथे एका टीबीला महिन्याला साधारण 6 ते 7 डॉलर पडतात, सर्व फाइली ताबडतोब उघडतात आणि नेहमीच्या वापरात बाहेर नेण्याचे वेगळे शुल्क लागत नाही. बॅकब्लेझमध्ये साठ्याच्या तिपटीइतका डेटा दरमहा विनाशुल्क उतरवता येतो. वासाबीत किमान 90 दिवसांचे पैसे लागतात, तेवढे ध्यानात ठेवावे. 14 टीबींसाठी हा खर्च वर्षाला हजार डॉलरच्या आसपास जातो, हे खरे आहे. पण निवड करून साठा 6 टीबींवर आणता आला तर तो साडेचारशे-पाचशे डॉलरपर्यंत उतरतो, आणि मग दोन श्रेणींचा खटाटोप करावा लागत नाही.

डिस्क मुळीच विकू नयेत. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, हा जुना नियम क्लाउड आल्यामुळे रद्द झालेला नाही. दोन नव्या मोठ्या डिस्क घेऊन त्यांवर सारखाच साठा ठेवावा, एक मंडळाच्या कार्यालयात आणि दुसरी तालुक्याबाहेरील एखाद्या सदस्याकडे असावी. आपल्याकडचा पावसाळा पाहता त्या सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात आणि काही महिन्यांनी जोडून चालवून पाहाव्यात. बहुतेक मागण्या या डिस्कवरूनच भागतील आणि क्लाउडची प्रत संकटकाळापुरती राहील.

चढवण्याच्या वेळेचाही अंदाज आधी घ्यावा. 100 एमबीपीएसच्या जोडणीवर 1 टीबी जायला सुमारे 22 तास लागतात, म्हणजे वेग हा मुख्य अडसर नाही. अनेक घरगुती ब्रॉडबँड योजनांमध्ये महिन्याला सुमारे 3.3 टीबी वापर झाला की वेग एकदम घटतो, हा खरा अडसर आहे. 14 टीबी पाठवायचे म्हटले तर पाचवा महिना उजाडेल. आरक्लोन या मोफत साधनात वेगाची मर्यादा आणि वेळापत्रक घालता येते, तसेच चढवलेल्या फाइली मूळ फाइलींशी तंतोतंत जुळतात का, हेही तपासता येते. ही तपासणी झाल्याशिवाय कॅमेऱ्याचे कार्ड पुसू नये.

पर्वरीकर

कुडचडेकर म्हणतात ते पदाधिकारी बदलण्याच्या बाबतीत योग्य आहे. दोन डिस्क नीट सांभाळल्या जाणार असतील तर क्लाउडवरील मूळ प्रत उघडण्याची वेळ क्वचितच येईल, आणि नेमक्या त्याच कारणाने मला ती सर्वांत स्वस्त श्रेणीत असलेली अधिक पटते. क्वचित लागणाऱ्या वस्तूसाठी सहापट भाडे का भरावे? साठा 6 टीबींवर आला तर मात्र दोन्ही मार्गांतील फरक महिन्याला 30 ते 35 डॉलरचा उरतो आणि त्याबद्दल मी हट्ट धरणार नाही. कोणताही मार्ग निवडला तरी बिल ठरावीक रकमेपुढे गेल्यास ईमेलने सूचना मिळेल, अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी आणि फाइल पुसण्याचा अधिकार फार तर दोघांकडे ठेवावा.

जुनी_फीत

वरील चर्चेत कपाटातील कॅसेट मागे पडल्या, म्हणून लिहिते. माझ्या मते सर्वांत आधी हात त्यांनाच लावला पाहिजे. डिस्कवरील सामने आणखी सहा महिने थांबू शकतात, परंतु कॅसेट चालवणारी यंत्रेच आता दुर्मिळ होत चालली आहेत. व्हीएचएसचे नवे यंत्र बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, 2016 साली उत्पादन थांबवले. मिनीडीव्हीमधील चित्र मुळातच डिजिटल असल्यामुळे ते फायरवायर या कॅमेरा व संगणक यांमधील जुन्या प्रकारच्या जोडणीने जसेच्या तसे संगणकावर उतरवता येते आणि तासाभराच्या कॅसेटची फाइल सुमारे 13 जीबींची होते. हे काम आधी करावे, कारण ते सोपे आहे आणि त्यात दर्जा घटत नाही. व्हीएचएसवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसत असतील तर ती कॅसेट यंत्रात मुळीच घालू नये. फीत तर खराब होतेच, शिवाय बुरशी यंत्रातून पुढच्या कॅसेटला लागते. अशा कॅसेट वेगळ्या काढून हे काम करणाऱ्या व्यावसायिकाकडेच द्याव्यात.

आणखी एक बाब प्रशासकीय आहे. क्लाउडचे खाते कोणा एकाच्या खासगी ईमेलवर आणि खासगी कार्डावर उघडू नये. मंडळाच्या नावाचा ईमेल, मंडळाच्या बँक खात्याशी जोडलेले कार्ड आणि दुहेरी पडताळणीसाठी दोन पदाधिकाऱ्यांचे क्रमांक असावेत, आणि ही सर्व माहिती मंडळाच्या इतिवृत्तात नोंदवावी. कार्डाची मुदत संपली आणि सूचना जुन्या सचिवांच्या ईमेलवर जात राहिल्या तर बिल थकते, खाते बंद होते आणि काही काळाने साठाही पुसला जातो. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या कामकाजात कार्डाची मुदत पाहणे आणि एक जुना सामना क्लाउडवरून उतरवून चालतो का हे तपासणे, असे दोन विषय कायमचे घालून ठेवावेत.