खाली उतरली कुठे, उलट शहाणपणा केला

ईवा चेनबद्दल एकाने लिहिलंय की मासिकाची एडिटर असलेली बाई इन्स्टाग्रामच्या नोकरीत गेली म्हणजे खालीच उतरली की. मला नाही पटत. ती 2013 मध्ये लकी या अमेरिकन फॅशन मासिकाची मुख्य संपादक झाली आणि 2015 मध्ये तिथून निघून इन्स्टाग्रामवर फॅशनवाल्यांशी भागीदारीचं काम बघायला गेली, त्याच वर्षी लकी बंदच पडलं. म्हणजे होडीत पाणी शिरायच्या आधी उडी मारली म्हणा ना, आमच्याकडे मालवणात त्याला कोणी खाली उतरणं म्हणत नाही!

टॅक्सीच्या मागच्या सीटवर पाय वर, बूट, पर्स आणि एखादं फळ, हा तिचा इन्स्टाग्रामवरचा नेहमीचा फोटो आठवतोय का? मला आधी थिल्लर वाटायचा. पण खरं तर ते मासिकाचंच पान आहे, फक्त छापखाना नाही.

तिने मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांचं म्हणाल तर पहिलं 2018 मध्ये आलं, एका मुलीचे आवडते बूट हरवतात आणि ती शोधताशोधता नावाजलेल्या बायकांचे बूट घालून बघते. फॅशनवालीने मुलांसाठी काय लिहायचं असं मलाही वाटलेलं, पण मे महिन्यात भाची आली होती, पडवीत सगळ्यांच्या चपला ओळीने लावून आजोबांच्या रबरी सपाता घालून खळ्यात फटक फटक फिरत होती, मध्येच थांबून म्हणते "मी आता आजोबा, कोणी हाक मारू नका, मी झोपणार". तेव्हा म्हटलं, बाईने विषय बरोबर पकडलाय.